सपाटीवरची सावड

आराखडा आमच्या गावात नावेतून आला. म्हणजे डॉक्टोरा हिमेना नावेतून आली आणि तिच्या मांडीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदाची लांबलचक सुरळी होती. सुरळी भिजू नये म्हणून बाई स्वतः चिंब भिजली होती. तेवढ्यावरून मी तिला बरे गुण दिले. तिच्याआधी सरकारकडून आलेले लोक आपण कोरडे नि कागद ओले अशा अवस्थेत उतरायचे.

आमच्याकडे शहरातून आलेल्या, चष्मा लावणाऱ्या कुणालाही डॉक्टर नाहीतर डॉक्टोरा म्हणतात. ताप उतरवता येतो की नाही, हा वेगळा प्रश्न. हिमेनाला येत नव्हता. तिला रस्ते, पाणी, जंगल आणि माणसं एका कागदावर बसवता यायची, आणि त्यासाठीच तिला राजधानीतून काकेता प्रांताच्या या कोपऱ्यात धाडलं होतं. वर कुठेतरी शांततेच्या कागदावर सह्या झाल्या होत्या. युद्धानं जे जे मोडलं ते आता 'शाश्वत प्रादेशिक विकास आराखडा' या नावाखाली उभं करायचं होतं. नाव म्हणताना दम लागायचा, म्हणून आम्ही नुसतं आराखडा म्हणायचो.

सह्या कुणाकुणाच्या, ते आम्ही कधी मोजत बसलो नाही. पुएर्तो सेरेनोत, म्हणजे आमच्या गावात, 'ते लोक' म्हटलं की पुरतं. त्यांचे गणवेश बदलले, दंडावरच्या पट्ट्या बदलल्या, काहींनी बंदुका खाली ठेवल्या, काहींनी नाही ठेवल्या. आमचा शब्द तोच राहिला. काटकसरीचा शब्द आहे.

मी फीलोमेना. फीलो म्हणतात. धक्क्यावर माझी खानावळ आहे. आराखड्याच्या बैठकांचं जेवण माझ्याकडे होतं, त्यामुळे एकही बैठक माझ्यावाचून झाली नाही. खरं तर गाव बैठकीला विकासासाठी येत होतं की माझ्या कोंबडीच्या रश्श्यासाठी, याचा हिशेब मी मनात मांडला होता. उत्तर मला सुखावणारं होतं, डॉक्टोराला सुखावलं नसतं.

पहिल्या बैठकीला तिनं शाळेच्या फरशीवर सुरळी उलगडली. आत कोरा कागद. त्यावर तिनं रंगीत पेनांचा ढीग ओतला.

"तुमचं गाव तुम्ही काढा," ती म्हणाली. "मी फक्त बघणार."

पहिला तासभर पेनांना कुणी हात लावेना. मग चीज करणारा आर्सेसियो पुढे झाला आणि त्यानं एक एवढं मोठं चौकोनी घर काढलं की नदीला वळसा घ्यावा लागला.

"हे चर्च ना रे?" मी विचारलं.

"ही माझी चीजची शेड."

"मग येशूला कुठे ठेवलंस?"

"तो गरीब माणूस आहे, कुठेही राहील."

सगळे हसले आणि पेनं उचलली गेली. दुपारपर्यंत कागद भरला. नदी निळी, जंगल हिरवं, कोकोच्या बागा तपकिरी, आणि काय काय हवं त्याचे लाल ठिपके. लाल रंगाचं पेन आधी संपलं. फक्त एक तुकडा पांढरा राहिला. शाळेमागच्या चढावर, ओढ्याच्या अलीकडे.

"इथे काय आहे?" डॉक्टोरानं विचारलं.

"काही नाही," सगळे म्हणाले. शाळेत पाढे म्हणताना पोरांचा सूर कधी एवढा जुळला नव्हता.

"काहीच नाही?"

"सपाटी आहे नुसती," प्लीनियो म्हणाला. तो ग्रामसमितीचा अध्यक्ष. गाव त्याला नावानं कमी आणि अध्यक्ष म्हणूनच जास्त हाक मारतं.

"सपाटी आहे, ओढा जवळ आहे, मग गुरं चरत असतील."

"गवत कडू आहे, डॉक्टोरा."

"कुणी खाऊन पाहिलं?"

"गायीनं सांगितलं," आर्सेसियो म्हणाला. पुन्हा हसणं झालं, पण या वेळी ते लवकर संपलं.

ती सपाटी म्हणजे आमचं जुनं फुटबॉलचं मैदान. एका वर्षी ते लोक तिथे येऊन बसले आणि खेळ बंद झाला. त्या वर्षात ज्यांना सपाटीवर बोलावणं आलं ते घरी आले नाहीत. ओतिलियाच्या यामिदला माझ्याच धक्क्यावरून नेलं. त्याच्या खांद्यावर मिठाचं पोतं होतं, ते त्यानं खाली ठेवलं, नीट, भिजणार नाही अशा जागी, आणि त्यांच्याबरोबर गेला. त्याची आई मिठाची वाट बघत घरी होती.

यातलं काहीही आम्ही आपसातसुद्धा बोलत नाही. युद्धात ज्यानं कागदावर गावचा ओढा काढला तो खबऱ्या ठरायचा, आणि ज्यानं बोटानं कुठे काही दाखवलं त्याचं नुसतं बोट जाऊन भागत नसे. म्हणून तो पांढरा तुकडा विसरून राहिला नव्हता. त्या कागदावर सगळ्यात काळजीपूर्वक काढलेली गोष्ट तीच होती. ओतिलिया तिच्याच कडेला बसली होती आणि माझं गुळाचं गरम पाणी फुंकर घालून पीत होती.

दुसऱ्यांदा डॉक्टोरा आली ती छापलेला नकाशा घेऊन. आम्हाला रस्ता मिळणार होता.

रस्ता म्हणजे काय ते आम्हाला समजावावं लागत नाही. प्लीनियोची बायको रुबिएला हिची बहीण अडलेली असताना झोळीतून नेली. झोळी अर्ध्या वाटेवरून परत आली. आर्सेसियोचं चीज पावसाळ्यात नावेची वाट बघत आंबतं. तेव्हा नकाशा भिंतीला लागला आणि त्यावर लाल रेघ दिसली, तसे लोक उठून उभे राहिले, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. रस्ता झाला तर धक्क्यावरचं गिऱ्हाईक कमी होणार हे मला ठाऊक होतं, तरी वाजवल्या.

मग डॉक्टोरानं रेघेवरून बोट फिरवलं आणि बोट त्या पांढऱ्या तुकड्यात शिरलं.

"ही रेघ माझी लाडकी आहे," ती म्हणाली, आणि खोटं सांगत नाही, तिचा चेहरा उजळला होता. "एक झाड तुटत नाही. ओढ्यावर पूल लागत नाही. कुणाचं शेत जात नाही, घर जात नाही. तुम्हीच सांगितलंत तिथे काही नाही म्हणून. यंत्र येईल, कमरेइतकी माती काढेल, खडी पसरेल, संपलं काम."

टाळ्या थांबल्या. कमरेइतकी. ते लोक घाईत असायचे, त्याहून खोल त्यांनी कधी खणलं नव्हतं. खणलं म्हणजे खणवून घेतलं.

बाई मूर्ख नव्हती. तिनं एकेका तोंडाकडे बघितलं. "कुणाची हरकत असेल तर आज सांगा. पुढच्या महिन्यात कागद बंद होईल. मग हा पैसा दुसऱ्या खोऱ्यात जाईल आणि मी काही करू शकणार नाही."

रस्ता हवा होता आणि जीवही हवा होता. या दोन्हींच्या मध्ये हरकत कुठे मांडायची?

ओतिलिया उठली. ती बारीक बाई आहे, उभी राहिली तरी बसल्यासारखी दिसते.

"डॉक्टोरा, तिथे घर असतं तर?"

"घर असतं तर रेघ वळली असती. युद्धानं एकदा हुसकावलेल्या माणसाला आराखडा पुन्हा हुसकावणार नाही. अटच आहे तशी."

"कसलंही घर?"

"झोपडीसुद्धा. पण नुसते खांब चालणार नाहीत. माणूस राहतं हवं. चूल पेटती हवी."

"बरं," म्हणून ओतिलिया खाली बसली.

"आणि वळली तर कुठून जाईल?" प्लीनियोनं विचारलं. त्यानं विचारायचं तसं काही कारण नव्हतं.

डॉक्टोरानं नकाशा पाहिला. "ओढ्याच्या काठानं. तुमच्या कोकोतून, अध्यक्ष. बरीच झाडं जातील."

"हं," प्लीनियो म्हणाला.

डॉक्टोराची नाव वळणाआड गेली आणि ओतिलियानं ताटल्या वाटतावाटताच मागणी केली.

"मला सावड हवी आहे. येत्या शनिवारी. घर बांधायचंय, सपाटीवर."

आमच्याकडे सावडीचा नियम साधा आहे. तू माझ्या कामाला एक दिवस आलास, मी तुझ्या कामाला एक दिवस येणार. पैसा मध्ये येत नाही. कुणाचा दिवस कुणाकडे आहे ते लिहून कुणी ठेवत नाही, आणि विसरतही नाही. ज्याचा दिवस देणं आहे त्यानं बोलावलं तर ताप असला तरी जायचं. नाही गेलं तर तुमच्या घराला आग लागली तरी बादली घेऊन कुणी येणार नाही.

यामिद असेपर्यंत ओतिलियाच्या घरानं असे दिवस गावभर वाटले होते. त्या पोराला कामाला नाही म्हणता यायचं नाही. पण यामिद गेल्यापासून तिनं कुणाला बोलावलं नव्हतं आणि आम्हीही कुणी आपण होऊन गेलो नव्हतो. तिच्या अंगणात उभं राहणं म्हणजे बाजू घेणं झालं असतं. असे सगळे दिवस साठून होते.

"तुझ्या एका झोपडीपायी सगळ्या गावाचा रस्ता वाकडा करायचा?" आर्सेसियो म्हणाला. "आणि डॉक्टोरानं कंटाळून रद्दच केला म्हणजे?"

"तुझ्या शेडचे पत्रे कुणी चढवले, आर्सेसियो?"

"मी रस्त्याचं बोलतोय."

"मी पत्र्यांचं बोलतेय. भर पावसात चढवले होते. घसरून पडला तेव्हा त्याचा दात तुटला. तू म्हणालास, यामिद, तुझा दात मी देणं लागतो. दात ठेव तू. शनिवारी ये."

आर्सेसियोनं ताटलीत बघितलं. ती तशीच एकेकाकडे वळत गेली. आवाज चढवला नाही. माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्याआधीच म्हणाले, "माझ्या खानावळीच्या सांडपाण्याचा खड्डा त्यानंच खणला होता. मी भांडी घेऊन येते."

शेवटी ती प्लीनियोसमोर उभी राहिली. प्लीनियोकडे तिचं सगळ्यात जास्त येणं होतं. त्याची अर्धी कोकोची बाग यामिदनं लावलेली. आणि दुसरं एक होतं, जे कुणी म्हणत नव्हतं. त्या वर्षी ते लोक ज्याला फावड्यासह बोलावून न्यायचे आणि परत पाठवायचे, असा गावात एकच माणूस होता. तेव्हापासून प्लीनियो आपलं फावडं कुणाला उसनं देत नाही. आम्ही मागतही नाही.

"अध्यक्ष?" ओतिलिया म्हणाली.

"येतो," प्लीनियो म्हणाला. शेजारी रुबिएलाचा चमचा ताटलीवर वाजला.

शनिवारी सकाळी अख्खं गाव सपाटीवर. गोलचे खांब अजून उभे होते, वेलींनी गुंडाळलेले. गवत छातीला लागत होतं, आणि काकेतातलं सगळ्यात गोड गवत असावं ते, इतकं दाट. पुरुषांनी कोयत्यांनी ते कापलं. एरवी सावडीला चेष्टा चालते, कुणाची बायको कुणाला काय म्हणाली ते सगळं निघतं. त्या दिवशी नुसता कोयत्यांचा आवाज.

ओतिलियानं मधोमध चार खुंट्या मारल्या होत्या, दोरी बांधली होती. नीट चौकोन. खांबांसाठी खड्डे घ्यायचे होते. आर्सेसियो पहिल्या खुंटीपाशी गेला, पहार उचलली आणि तशीच धरून राहिला. बाकीचेही आपापल्या पहारी घेऊन उभे. कुणी सुरुवात करेना. यात भित्रेपणा नव्हता. पहार खाली घातल्यावर काय लागेल, हे प्रत्येकाला कळत होतं.

प्लीनियो टोपी डोळ्यांवर ओढून कडेला उभा होता. आर्सेसियोनं पहार आणखी जरा वर नेली.

"तिथे नको," प्लीनियो म्हणाला.

तो पुढे आला. खुंटी उपटली, तीन पावलं डावीकडे सरकला, थांबला, अजून एक पाऊल मागे गेला आणि तिथे मारली. "इथे घे."

मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक खुंटी तो उपटत होता, इकडेतिकडे बघत होता, गोलच्या खांबापासून अंतर डोळ्यांनी जोखत होता आणि नव्या जागी मारत होता. दोरीचा चौकोन आधी दबला, मग एका बाजूनं वाकला, मग त्याला एक कोपरा फुटला. एक खोली पुढे आली, दुसरी मागे गेली, मध्ये एक बोळ राहिला, ज्याचा कुठल्याही घराला उपयोग नाही.

"फीलो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी चूल जरा पलीकडे घे."

मी दगड आधीच मांडले होते, भांडं वर होतं. मी भांडं उतरवलं आणि दगड हलवले. माझ्या आयुष्यात मी इतका जड दगड उचललेला नाही, आणि तो माझ्या मुठीएवढा होता.

ओतिलिया त्याच्या मागोमाग चालत होती. तो 'इथे नको' म्हणाला की ती जमिनीकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघायची. तसं ती प्रत्येक जागेपाशी करत होती. हे मला उशिरा कळलं. मला वाटलं होतं, तिला रस्ता वळवायचाय. रस्ता तर वळवायचाच होता. पण यामिद सपाटीवर आहे एवढंच तिला ठाऊक होतं. सपाटीवर कुठे, हे ठाऊक असलेला माणूस तिनं आज कामाला आणला होता, आणि तोंडानं एक शब्दही न विचारता ती त्याला विचारत होती.

ओढ्याच्या बाजूला एका जागेपाशी प्लीनियो थांबला. टोपी काढली. ती पुन्हा डोक्यावर घातली नाही.

"इथे?" ओतिलिया म्हणाली.

"इथे काही बांधू नकोस. अंगण ठेव."

"अंगण."

"सावलीला काहीतरी लाव. ऊन फार येतं."

ती तिथेच खाली बसली, पाय दुमडून, घरी बसतात तशी. आम्ही सगळे कामाला लागलो. असे लागलो की विचारू नका. खड्डे झाले, खांब उभे राहिले, वासे चढले. जेवायला मी हाका मारल्या तेव्हा आर्सेसियोनं रश्श्याचं पहिलं ताट तिला नेऊन दिलं आणि म्हणाला, "खा, दोन्या ओतिलिया. घर झालंय." तो तिला आजवर कधी असं मानानं दोन्या म्हणाला नव्हता.

संध्याकाळी तिनं माझ्याच निखाऱ्यांवरून चूल पेटवली.

डॉक्टोरा तिसऱ्यांदा आली ती सपाटीवर चालत गेली. मी तिच्याबरोबर होते. घराभोवती ती एक फेरी फिरली. हळूहळू. बोळात शिरली, बाहेर आली. अंगणात ओतिलियानं पेरूचं रोप लावलं होतं, त्याच्यापाशी थांबली.

"खोल्या अशा का घेतल्यात, दोन्या ओतिलिया?"

"मला अशाच हव्यात."

डॉक्टोरानं वही काढली होती. ती तिनं पुन्हा पिशवीत घातली. पाणी मागून प्यायली. मग नकाशावर पांढऱ्या तुकड्यात एक छोटा चौकोन काढला आणि लाल रेघ खोडली. परतताना धक्क्यावर मला हळूच म्हणाली, "फ्लोरेन्सिया शहरात एक ऑफिस आहे. हरवलेल्या माणसांना शोधतात. सन्मानानं बाहेर काढतात."

"ठाऊक आहे, डॉक्टोरा. पण ते विचारतात, तुम्हाला कुणी दाखवलं."

"नाव गुप्त ठेवतात."

"तुमच्या शहरात ठेवत असतील," मी म्हणाले. "आमच्याकडे नाव ठेवायला जागा नाही."

गप्प राहण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही, याचा आम्हाला केवढा गर्व. शनिवारी कुणी एक नाव घेतलं नाही, कुणी बोट दाखवलं नाही, कुणी रडलंसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, झालं, निभावलं. आणि ते घर आम्ही नदीवरून दिसेल असं उभं केलं होतं.

दोघं चिखलाच्या पायवाटेनं मोटरसायकलवरून आले. ओळखीचे नव्हते, म्हणजे ओळखीचे होते. माझ्याकडे बिअर घेतली. एक जण धक्क्याच्या टोकाला जाऊन चढाकडे बघत राहिला.

"नवीन घर आहे."

"हो ना."

"गवंडी कोण?"

"गवंडी कसला परवडतोय? सावडीनं बांधलं."

"दोरी कुणी धरली?"

"घरवालीनं," मी म्हणाले. "तिला कुठे जमतंय? दिसतंय ना, कसं वाकडंतिकडं झालंय."

तो हसला. चांगलं हसायचा पोरगा. "बाई, ज्याला बांधता येत नाही त्याचं घर नुसतं वाकडं होतं. हे फार नेमकं वाकडं झालंय."

त्यांनी बिअरचे पैसे पूर्ण दिले आणि सुटे परत घेतले नाहीत. माझ्या खानावळीत त्या लोकांनी कधी पैसे दिले नव्हते.

मी प्लीनियोकडे धावले. तो कोकोच्या शेंगा फोडत बसला होता. रुबिएलानं माझं तोंड बघितलं आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

"नाव संध्याकाळी आहे," मी म्हणाले. "जा तू."

"कुठे जाऊ?"

"कुठेही. तुझ्या भावाकडे."

"जिथे जाईन तिथे माझ्यामागे येतील, आणि मी सापडलो नाही तर इथे रुबिएलाकडे येतील." त्यानं शेंग फोडली, बिया टोपलीत टाकल्या. "फीलो, तिनं मला विचारलं नाही गं. एकदाही नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. तयार करून ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो सापडला. ओढ्याच्या काठाला, जिथे नव्या रस्त्याच्या खुणेसाठी डॉक्टोराच्या माणसांनी नारिंगी फिती बांधलेल्या काठ्या रोवल्या होत्या, तिथे. या वेळी त्यांनी पुरलं नव्हतं. वाटेवर ठेवलं होतं, येताजाता दिसेल असं.

रस्त्याचं यंत्र तालुक्याच्या पुलापर्यंत आलं आणि थांबलं. सुरक्षेची पाहणी होईपर्यंत काम बंद, असं डॉक्टोरानं फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला.

प्लीनियोला दफनभूमीत न्यायचं होतं. खड्डा कोण खणणार? आमच्याकडे तोही सावडीनं होतो. रुबिएलानं कुणाला बोलावलं नाही. आणि कुणी गेलंही नाही. दारं लोटलेली होती. फळीआडून मीही बघत होते, याचा हिशेब माझ्या नावावर राहू द्या.

ओतिलिया चढावरून खाली आली. भर दुपारी, मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या दारांसमोरून. हातात फावडं नव्हतं. ती प्लीनियोच्या घरी गेली.

"रुबिएला, त्याचं फावडं दे. मी एक दिवस देणं लागते."

रुबिएलानं फावडं आणून दिलं. ओतिलियानं दफनभूमीत खणायला सुरुवात केली. ती बारीक बाई, ती माती. कमरेपर्यंत गेली तेव्हा मी भांडं घेऊन निघाले. माझ्या मागे दार वाजलं, आर्सेसियोचं. मग आणखी एक. खड्डा खोल घेतला, उंच माणूस उभा राहील एवढा. एवढा खोल आमच्याकडे कुणी घेत नाही.

माती लोटून झाल्यावर ओतिलिया रुबिएलासमोर उभी राहिली. दोघींचे हात सारखेच मळलेले होते.

"मी फ्लोरेन्सियाला जाते म्हणते," ओतिलिया म्हणाली. "त्या ऑफिसात. ते विचारतील कुणी दाखवलं. सांगू?"

रुबिएलानं हातांवरची माती झटकली.

"सांग. आता त्याला कोण काय करणार?" मग म्हणाली, "पण त्यानंच खणलं होतं, तेही सांग. अर्धं सांगू नकोस. अर्धं त्याला फार जड जात होतं."

सोमवारच्या नावेनं ओतिलिया गेली. मी तिला उकडलेले युकाचे कंद आणि दोन अंडी बांधून दिली. पैसे द्यायला लागली, मी हात मागे घेतला. नाव सुटताना ती काठाकडे वळून ओरडली, "फीलो, चूल!"

अट तशीच आहे. माणूस राहतं हवं, चूल पेटती हवी, नाहीतर रेघ पुन्हा सरळ होईल. तेव्हा खानावळ आर्सेसियोच्या बायकोवर टाकून मी सध्या सपाटीवर असते. बोळातून वाकून आत शिरते, अंगणाला वळसा घालून पाणी आणते, ओली लाकडं रचून फुंकत बसते. धूर भरपूर होतो. नदीवरून जाणाऱ्या प्रत्येक नावेला दिसतो.